लाडवांचे पैसे, चकलीचे पैसे

आमच्याकडे फ्रीजवर एक स्टीलचा डबा असायचा, झाकण जरा वाकडं, त्यावर आईनं नेलपॉलिशनं 'च' काढलेला. च म्हणजे चकली. दिवाळीच्या आधी महिनाभर ती ऑर्डरी घ्यायची, भाजणीची चकली, किलोच्या हिशोबानं, आणि आलेला प्रत्येक पैसा त्या डब्यात. एकदा महिनाअखेरीला सिलिंडर संपला, पगाराला अजून चार दिवस होते आणि बाबा सहज म्हणाले, अगं त्या डब्यातले दे ना तूर्त. आईनं समोरच्या काकूंकडून उसने आणले पण डबा उघडला नाही. मी तेव्हा सातवी-आठवीत असेन, मला कळेचना की घरात पैसे असताना कोण उसने आणतं.

आता मी कॉमर्सच्या पोरांना कन्झ्युमर बिहेवियर, म्हणजे ग्राहक कसा वागतो ते, शिकवते. व्याख्या वहीत उतरवून घेऊन काही डोक्यात राहत नाही हे पहिल्या वर्षीच लक्षात आलं, म्हणून मी त्यांना सिनेमातलं एक पात्र घ्यायला लावते. अट एकच, ते पात्र काय बोलतं ते जरा बाजूला ठेवायचं. काय विकत घेतं, काय घ्यायचं टाळतं, कुठल्या पैशातून घेतं आणि दुकानात उभं कसं राहतं, एवढंच बघायचं. मी मनापासून सांगते, माणूस कळायला यापेक्षा चांगली खिडकी मला अजून सापडलेली नाही.

दरवर्षी मी सुरुवात 'इंग्लिश विंग्लिश'पासून करते (2012, गौरी शिंदेचा, श्रीदेवीनं केलेली शशी गोडबोले). सिनेमा हिंदी पण बाई आपल्या पुण्यातली, लाडवांच्या ऑर्डरी घेणारी, त्यामुळे पोरांना ती लगेच ओळखीची वाटते, कुणाची मावशी कुणाची काकू. बहिणीच्या मुलीच्या लग्नासाठी ती न्यूयॉर्कला जाते, तिथल्या कॅफेतला सीन आठवतोय ना? भाचीला यायला थोडा वेळ होता म्हणून ती एकटीच जवळच्या कॅफेत जाते, रांगेत उभी राहते आणि काउंटरवरची बाई धडाधड प्रश्न फेकते, कॉफी कुठली, पाणी साधं की सोडा असलेलं, मागे रांग खोळंबलेली आणि शशीचा चेहरा हळूहळू पडत जातो, शेवटी ती धडपडत, रडतच बाहेर येते. पोरं म्हणतात इंग्रजी येत नाही म्हणून झालं. मी म्हणते थांबा, नुसतं इंग्रजी नाहीये ते. प्रत्येक दुकानाची एक न लिहिलेली स्क्रिप्ट असते, कोण आधी बोलणार, काय विचारणार, किती वेळात उत्तर द्यायचं. वडापावच्या गाडीवर आपण 'दोन द्या, एकात तिखट कमी' म्हणतो ते आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं, पण येतं. शशीला इथल्या वाण्याकडे उभी करा, ती डाळ तळहातावर घेऊन दाणा बघेल आणि भाव पाडून घेईल. तीच बाई, तीच अक्कल, फक्त स्क्रिप्ट बदलली आणि ती एका मिनिटात अडाणी ठरली. मार्केटिंगच्या अभ्यासात याला ग्राहकाचं असुरक्षित होणं म्हणतात आणि त्यात महत्त्वाचं हे की असुरक्षितपणा माणसाच्या अंगात असतो असं नाही, बऱ्याचदा तो काउंटरच्या रचनेत असतो. बँकेत स्लिप भरताना हात थरथरणारे आजोबा बघितलेत का, किंवा मॉलच्या सरकत्या जिन्यासमोर थबकलेल्या बायका, तेच ते.

पण माझा खरा जीव अडकलाय तो त्यानंतरच्या खरेदीत. बसवर जाहिरात दिसते, चार आठवड्यांत इंग्रजी शिका, आणि शशी कुणाला न सांगता क्लास लावते. आणि फी कुठून? लाडू विकून जमवलेल्या पैशातून. नवऱ्याच्या नाही, बहिणीच्या नाही. सिनेमात हे पटकन निघून जातं, पण वर्गात मी इथेच तासभर थांबते.

रिचर्ड थेलर नावाचा अर्थशास्त्रज्ञ, 2017चं नोबेल मिळालं त्याला, त्यानं 1980च्या दशकात मेंटल अकाउंटिंगची कल्पना मांडली. म्हणजे आपण मनातल्या मनात पैशाची वेगवेगळी खाती करतो आणि या खात्यातला पैसा त्या खात्यात सहजी जाऊ देत नाही. त्याच दशकात, 1981मध्ये काहनेमन आणि ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी लोकांना एक प्रश्न विचारला होता. नाटकाचं तिकीट 10 डॉलरचं आहे, थिएटरच्या दारात तुमच्या लक्षात आलं की 10 डॉलरची नोट हरवलीय, तरी तिकीट काढाल का? 88 टक्के हो म्हणाले. दुसऱ्या गटाला सांगितलं की नोट नाही, आधीच काढलेलं तिकीट हरवलंय, पुन्हा काढाल का? हो म्हणणारे 46 टक्के. नुकसान तेवढंच, 10 डॉलर, पण तिकीट हरवलं की नाटकाच्या खात्यावर 20 पडल्यासारखे वाटतात आणि जिवावर येतं. हे सांगितलं की वर्गात हात वर व्हायला लागतात. एक मुलगी म्हणाली मॅडम, आमच्या आईचे भिशीचे पैसे असेच, आजारपणातसुद्धा हात लावत नाही. एक मुलगा म्हणाला पहिल्या पगाराची पाचशेची नोट अजून पाकिटात आहे, उपाशी राहीन पण मोडणार नाही. (ती नोट त्यानं सगळ्यांना दाखवली, चार घड्या घालून आधार कार्डाच्या मागे ठेवलेली.)

आता आमचं पाठ्यपुस्तक काय म्हणतं, की ही विचारातली गफलत आहे, रुपया तो रुपया, लाडवाचा काय नि पगाराचा काय. आणि मला नेमकं हेच पटत नाही. पुस्तक ज्या माणसाला डोळ्यापुढे ठेवून लिहिलंय त्याची सगळी खाती त्याच्या एकट्याची आहेत. शशीचं तसं नाही. घरखर्चाचा जो पैसा तिच्या हातात येतो त्याच्यावर सगळ्यांचा डोळा आहे, त्यातून काही घेतलं तर सांगावं लागतं, पटवावं लागतं, आणि फसलं तर ऐकून घ्यावं लागतं. मुलीला शाळेत आईच्या इंग्रजीची लाज वाटते, नवरा कौतुकाच्या सुरात म्हणतो हिचा जन्मच लाडू करायला झालाय, अशा घरात क्लासची फी मागायची म्हणजे आधीच अर्धी हार. म्हणून लाडवाचा रुपया आणि नवऱ्याचा रुपया एक नाहीत, दोन्हींत वस्तू तेवढीच येत असली तरी. विवियाना झेलायझर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी 1994मध्ये पैशाच्या सामाजिक अर्थावर अख्खं पुस्तक लिहिलंय, त्यात शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकेतल्या गृहिणींच्या पैशाबद्दल वाचलं तेव्हा मला फ्रीजवरचा डबाच दिसायला लागला. बायका पैसे वेगळे ठेवतात ते हिशोब कळत नाही म्हणून नव्हे, नाती चांगली कळतात म्हणून, असं मला ते वाचून वाटलं.

आणि याला लागूनच दुसरी कल्पना आहे, परसीव्ह्ड रिस्क, म्हणजे ग्राहकाला वाटणारी जोखीम, रेमंड बाउअरनं 1960मध्ये मांडलेली. खरेदी करताना ग्राहकाला फक्त पैसे बुडायची भीती नसते, लोक हसतील, मी मूर्ख ठरेन ही भीती कितीतरी मोठी असते. शशीसाठी फी बुडणं ही लहान जोखीम आहे, चार आठवड्यांनी घरच्यांसमोर तुटकं इंग्रजी बोलावं लागणं ही खरी. गुपचूप जाणं आणि स्वतःच्या पैशानं जाणं, दोन्ही मिळून तिनं ती दुसरी जोखीम संपवून टाकली. नापास झाली तर फक्त तिलाच कळणार. एखाद्या मार्केटिंग मॅनेजरलाही इतकं चोख सुचलं नसतं.

बाकी सिनेमांवर पोरं जे करून आणतात त्यात 'टिंग्या' हमखास असतो (2008, मंगेश हाडवळेचा), कारण पुस्तकात एन्डोमेंट इफेक्ट आहे, जी वस्तू आपली झाली तिची किंमत आपल्या डोळ्यात वाढते. काहनेमन, क्नेच आणि थेलर यांनी कॉफीचे मग वाटून प्रयोग केला होता, ज्यांना मग मिळाला ते विकायला, घेणारे देत होते त्याच्या साधारण दुप्पट मागत होते. पोरं लिहितात टिंग्याला चितंग्या बैल विकवत नाही म्हणजे एन्डोमेंट इफेक्ट. मी तिथे लाल पेनानं प्रश्नचिन्ह काढते. दुप्पट दिले असते तर टिंग्यानं बैल दिला असता का? बैल जायबंदी, बटाट्याची लावण तोंडावर, बाप खाटकाकडे द्यायला निघालेला, आणि पोरगं विचारतं की आजारी नानीला तुम्ही औषधपाणी करता, मग चितंग्याला का नाही. त्याचा बैल किमतीच्या यादीतच नाहीये. मगाचा प्रयोग मगापुरता खरा आहे. उलट बाप बघा, त्याच्याकडे बैल ठेवायची भावना नाही असं नाही, त्याला ती परवडत नाही, आणि 'परवडत नाही' हा शब्द आमच्या सिलॅबसमध्ये फार थोड्या ठिकाणी येतो.

'फँड्री'वर बोलायला मला दरवर्षी जड जातं. नागराज मंजुळेचा जब्या, गावानं खालच्या मानलेल्या जातीतला, डुकरं पकडणाऱ्या घरातला पोरगा, वर्गातल्या शालूच्या नजरेत भरावं म्हणून त्याला चांगले कपडे हवेत, जीन्स हवी, त्यासाठी सायकलवरून गारेगार विकतो आणि ती सायकलच ट्रकखाली चिरडते. रसेल बेल्क या ग्राहक-अभ्यासकानं 1988मध्ये म्हटलं की आपल्या वस्तू म्हणजे आपलाच वाढवलेला 'मी', एक्स्टेंडेड सेल्फ. जब्याला हे बेल्क न वाचता माहिती आहे, जीन्स म्हणजे त्याला हवा असलेला जब्या. पण सिम्बॉलिक कन्झम्पशनच्या, म्हणजे वस्तू चिन्ह म्हणून घेण्याच्या, सगळ्या मांडणीत एक गोष्ट गृहीत धरलेली असते की पैसे मोजले की चिन्ह तुमचं. डुक्कर पकडायच्या वेळी शालू आणि सगळी शाळा बघतेय आणि जब्या भिंतीआड लपतो तेव्हा कळतं की गावानं त्याच्यावर एक चिन्ह आधीच लावलंय, जन्माच्या दिवशी, फुकट, आणि ते झाकणारी जीन्स कुठल्याच दुकानात नाही. मी हा भाग परीक्षेला विचारत नाही. वर्गात बोलतो, काही पोरं गप्प होतात, कुणी खाली बघतं, आणि मला माहिती असतं की मी जे पुस्तकातून सांगतेय ते समोर बसलेल्या दोघा-तिघांनी अंगावर घेतलेलं आहे. त्या दिवशी मी हजेरी घेत नाही.

परत शशीकडे. शेवटी परतीच्या विमानात ती हवाई सुंदरीला इंग्रजीत विचारते की हिंदी पेपर आहे का. मला हा सीन तिच्या लग्नातल्या इंग्रजी भाषणाच्या, म्हणजे भाचीच्या लग्नातल्या, सीनपेक्षा जास्त आवडतो. कॅफेत जिला स्वतःला काय हवंय ते सांगता आलं नाही तिला आता सांगता येतं, आणि तिला हवाय हिंदी पेपर. इंग्रजी शिकली ती इंग्रजी वापरायलाच असं नाही, काउंटरसमोर मान वर ठेवून मागता यावं म्हणून.

आई सत्तेचाळीसची असताना एका संध्याकाळी म्हणाली मी स्कूटी शिकणार, मोटार ट्रेनिंगवाल्याकडे नाव घालून आलेय. बाबांनी लगेच पाकीट काढलं, किती झाले सांग, मी देतो. बाबांच्या मनात खरंच काही नव्हतं, ते देणारेच होते. आई म्हणाली, "नको. तुमच्या पैशानं शिकले आणि पडले तर तुम्ही बोलणार. माझ्या पैशानं पडले तर मीच पडले." आणि स्टुलावर चढून तिनं फ्रीजवरचा डबा काढला. वाकडं झाकण नेहमीसारखं अडकलं, तिनं ते उलथन्यानं उघडलं. नोटा रबर लावून ठेवलेल्या, वर भाजणीचं पीठ बसलेलं, मोजताना बोटं पांढरी झाली.

तिसऱ्या आठवड्यात ती पडली, पोस्टासमोरच्या वळणावर, गुडघा सोलवटला आणि आरसा फुटला. घरी आली तेव्हा बाबा काही बोलले नाहीत, हळद घेऊन आले. आरशाचे दोनशे रुपये झाले, ते तिनं त्याच डब्यातून दिले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला परत क्लासला गेली.