लिलावातील ट्रेलर: बोली लावण्यापूर्वीचा हिशेब

पलूस परिसरात माझा एक लहान पोकलेन भाड्याने चालतो. यंत्र साडेतीन टनांचे आहे. द्राक्षबागांतील चर, ठिबकच्या मुख्य वाहिन्यांची खोदाई आणि टेंभू उपसा सिंचन योजनेचे पाणी खानापूर-आटपाडीकडे पोहोचल्यापासून तिकडे वाढलेली पाइपलाइनची कामे यांवर त्याचा हप्ता निघतो. मात्र रबरी पट्ट्यांवर ताशी तीन-चार किलोमीटरने सरकणारे यंत्र डांबरी रस्त्याने विट्यापर्यंत चालवत नेता येत नाही, त्यामुळे प्रत्येक कामाला टेम्पो ठरवावा लागतो, आणि गेल्या हंगामात महिन्याला सरासरी सहा फेऱ्या, फेरीला अडीच हजार, या हिशेबाने पंधरा हजार रुपये नुसत्या ने-आणीत गेले. घरचा ४५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर त्या दिवसांत बहुधा रिकामाच उभा असतो. त्यामागे जोडायला ट्रेलर हवा, यावर घरात दुमत नव्हते. तो नवा करून घ्यावा की एका वित्तसंस्थेच्या यार्डात लिलावास निघालेल्या तीनपैकी एक घ्यावा, यावर मात्र पंधरा दिवस चर्चा चालली.

आपल्या भागात ऊस हंगाम संपला की असे ट्रेलर यार्डात दिसू लागतात, आणि त्याचे कारण जाणून घेतल्याशिवाय ते पाहायला जाऊ नये असे मला वाटते. ऊस वाहतूकदार कर्ज काढून ट्रॅक्टर आणि दोन ट्रेलर घेतो, वर मुकादमाला ऊसतोड टोळीसाठी लाखोंची उचल देतो. टोळी आलीच नाही किंवा अर्ध्या हंगामात निघून गेली, तर वाहने दारात उभी राहतात आणि हप्ते थकतात. म्हणजे ट्रेलर चालला नाही म्हणून जप्त झाला, असे समजण्याचे कारण नाही. परंतु कर्ज थकू लागल्यावरचे शेवटचे सहा-आठ महिने त्यावर कोणी ग्रीसचा डबाही खर्च केलेला नसतो, हे गृहीत धरूनच पाहणी करावी. आईचा आक्षेप वेगळाच होता. “कुणाच्या दारातनं ओढून आणलेलं आपल्या दारात कशाला?” असे तिने विचारले, आणि त्याला माझ्याकडे अजूनही चांगले उत्तर नाही.

तीनपैकी दोन ट्रेलर उसाचे, चारचाकी, पुढे टर्न टेबल, म्हणजे पुढची चाके वळवणारी फिरती चकती, असलेले होते. दिसायला भक्कम आणि किमतीला कमी असल्यामुळे पहिला मोह त्यांचाच झाला. आमचे फॅब्रिकेशनवाले तात्या सोबत होते. त्यांनी काही न बोलता टेप काढून जमिनीपासून हौद्याच्या तळापर्यंतची उंची मोजली. ती एक मीटर दहा सेंटिमीटर भरली. पट्ट्यांचे यंत्र चढवताना रॅम्पचा चढ साधारण १५ अंशांपेक्षा जास्त असू नये, आणि त्या हिशेबाने एवढ्या उंचीसाठी रॅम्प सव्वाचार मीटर लांब लागतो. असा रॅम्प दोन माणसांना उचलता येणार नाही, आणि आखूड केला तर यंत्र टोकावर येताच मागे कलंडण्याची भीती. “मग कापून खाली घेऊ,” असे मी म्हणालो, तेव्हा तात्या हसले. कापणे त्यांच्या हातचे आहे. किर्लोस्करवाडीच्या आसपास वेल्डिंग आणि लेथचा माणूस शोधत हिंडावे लागत नाही. पण नोंदणी पुस्तकातील तपशिलाशी न जुळणारा बदल परवानगीशिवाय करण्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने मनाई आहे, आणि ती परवानगी काढून, कापाकापी करून जे तयार होईल त्यापेक्षा नवा ट्रेलर परवडेल. ते दोन्ही तिथेच वगळले.

तिसरा ट्रेलर सपाट, बुटका, दुहेरी एक्सलचा आहे. उंची ६५ सेंटिमीटर, म्हणजे अडीच मीटरचा रॅम्प पुरतो. नोंदणीनुसार रिकामे वजन १,६०० किलो आणि भारासह ५,६०० किलो, म्हणजे चार टन माल नेण्याची परवानगी. माझे यंत्र ३,५०० किलो, खडक फोडायचा ब्रेकर दोनशे, बकेट आणि अवजारे शंभर. शिल्लक राहतात दोनशे किलो. डिझेलचा बॅरल सोबत न्यायचा झाला तर तोही मोजूनच न्यावा लागेल. यार्डात जॅक लावू देत नाहीत, त्यामुळे चाक उचलून बेअरिंगचा खुळखुळाट तपासता आला नाही. ओढण्याच्या दांडीवर नवा लाल रंग होता आणि ताजा रंग मला नेहमी संशयास्पद वाटतो. नखाने खरवडल्यावर खाली जुन्या वेल्डिंगवर दुसरे वेल्डिंग दिसले. एका बाजूचे दोन टायर आतल्या कडेने झिजलेले आहेत, म्हणजे एक्सल किंचित वाकलेला असू शकतो किंवा कमानीचे पाटे बसलेले असू शकतात. ब्रेक आहेत, पण चालतात की नाही हे कोणी सांगत नाही. विक्री “जसे आहे, जेथे आहे” या अटीवर असल्यामुळे नंतर तक्रारीला जागा नाही.

कागदांकडे मी जरा जास्त वेळ दिला. ट्रेलरची नोंदणी ट्रॅक्टरहून स्वतंत्र असते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. ट्रॅक्टरचे पुस्तक आहे म्हणून ट्रेलरचेही असेलच असे नाही. हा ट्रेलर एमएच-१० मध्ये, सांगलीलाच नोंदलेला आहे, त्यामुळे दुसऱ्या जिल्ह्यातील ना-हरकत आणण्याचा फेरा वाचतो. जप्तीनंतर मूळ मालकाने पुस्तक दिले नसेल, तर वित्तसंस्थेने फॉर्म ३६ भरून ते स्वतःच्या नावे करून घ्यावे लागते, आणि त्यानंतर फॉर्म २९ व ३० वर ते माझ्या नावे होते. फॉर्म ३२ पुरेसा होईल असे एकाने खात्रीने सांगितले होते, परंतु तो सरकारी लिलावातील वाहनांसाठी आहे. शिवाय नोंद शेतीसाठीची आहे की मालवाहतुकीची, हेही पाहिले, कारण यंत्र भाड्याने चालते आणि अपघात झालाच तर विमा कंपनी सर्वांत आधी तोच रकाना वाचते. नोंद मालवाहतुकीची आहे.

आता पैसे. नव्या ट्रेलरचे तात्यांचे कोटेशन तीन लाख दहा हजारांचे आहे. जुन्यावर दोन टायर २२ हजार, हब आणि बेअरिंग सहा, रॅम्पची जोडी २८, ब्रेक व मागचे दिवे १५, दांडीचे काम दहा आणि नाव बदल, विमा धरून १४, असे ९५ हजार घालावे लागतील. एवढे करूनही ज्याची हमी कोणी देत नाही अशी वस्तू नव्याच्या दोन तृतीयांशांहून महाग पडू नये, असे मी ठरवले. ते होतात दोन लाख सहा हजार, आणि त्यातून ९५ वजा जाता उरतात एक लाख अकरा हजार. आकडा योगायोगाने शकुनाचा निघाला. लिलावाचे शुल्क आणि कर याच आकड्यात बसले पाहिजेत. ऑनलाइन बोलीत शेवटच्या मिनिटाला कोणी आकडा वाढवला की वेळ आपोआप पुढे सरकते, आणि त्या वाढीव मिनिटांत माणूस हिशेब विसरतो, म्हणून मोबाइल माझ्या हातात न देता बायकोकडे द्यायचे ठरले आहे. तिला पोकलेनचे कौतुक नाही.

दहा हजारांची अनामत मी एकाच ट्रेलरवर भरली आहे. एक गोष्ट अद्याप अडली आहे: चासीवर कोरलेल्या क्रमांकातील शेवटचे दोन अंक रंगाखाली गेले आहेत, आणि यार्डातील माणूस रंग खरवडू देत नाही. फॉर्म ३६ नंतरच्या पुस्तकाची प्रत आणि क्रमांकाचा ठसा सोमवारी दुपारी तीनपर्यंत मिळाला तर बोली लावीन. नाहीतर अनामत परत मागून तात्यांकडे जाईन. नव्या ट्रेलरला लागणाऱ्या लोखंडी चॅनेलचा आजचा भाव त्यांनी मंगळवारपर्यंत धरून ठेवला आहे.