ग्वेईचौचा आंबट रस्सा: म्याओ आणि तोंग गावांत जेवताना

नैर्ऋत्य चीनमधल्या ग्वेईचौ प्रांतात, म्हणजे म्याओ आणि तोंग या जमातींच्या मुलखात, पूर्वी मीठ होत नसे. ते शेजारच्या सिच्वानमधून डोंगर ओलांडून यायचं आणि गरिबाला परवडायचं नाही. मग आळणी जेवणाला चव आणायची ती आंबवून. ‘तीन दिवस आंबट खाल्लं नाही, तर चालताना झोक जातो’ अशी तिथे म्हणच आहे.

रस्सा दोन प्रकारचा. पांढरा होतो तांदळाच्या धुवणापासून. पहिलं पाणी टाकून द्यायचं, दुसरं उकळून कोमट करायचं, त्यात जुन्या रश्श्याचं वाटीभर विरजण घालून मडकं उबेला ठेवायचं. दोन-तीन दिवसांत आंबतं. भांड्याला तेलाचा ओशटपणा राहिला, तर मात्र नासतं. लाल रस्सा छोट्या गावठी टोमॅटोंचा: मीठ, आलं, मिरची आणि थोडी दारू घालून बरणीत दोनेक आठवडे मुरवलेला. बरणीच्या गळ्याभोवती पन्हळ असते. तिच्यात पाणी भरून वर झाकण उपडं घालतात, म्हणजे आतली हवा बाहेर पडते, बाहेरची आत शिरत नाही. पन्हळीतलं पाणी आटलं किंवा टोमॅटो ओले राहिले की बुरशी आलीच.

या रश्श्यात शिजवायचा मासा म्हणजे भातखाचरातला कार्प. इथे एकाच खाचरात भात, मासे आणि बदकं वाढतात. त्सोंगच्यांग तालुक्यातल्या या पद्धतीला 2011 मध्ये जागतिक कृषी-वारशाचा दर्जा मिळाला. साफ करताना पित्ताशय फुटलं तर सगळा रस्सा कडू होतो. मासा उकळत्या रश्श्यात सोडून आठ-दहा मिनिटं शिजवायचा. ‘मूच्यांग’ फळाच्या तेलाचे दोन-तीन थेंब शेवटी, कारण उकळलं की वास उडतो. हा वास बराचसा गवती चहासारखा. सोबतच्या वाटीत भाजलेल्या मिरचीची पूड, कोथिंबीर, पात असते. तिच्यात रश्श्याची पळी ओतून मासा बुडवायचा. वाटीतली पांढरी मुळं म्हणजे ‘चअर्गन’. त्यांचा वास कच्च्या माशासारखा, नको असतील तर आधीच सांगा. आपल्या तिरफळाची चुलत बहीण असलेली सिच्वान मिरीही इथल्या जेवणात भेटते.

शाकाहारी लोकांची खरी पंचाईत इथेच. ‘मांस नको’ म्हटलं तरी भाजी डुकराच्या चरबीत परतलेली असू शकते. ‘मांस, मासे, डुकराची चरबी नको’ असं पूर्ण वाक्य चिनी लिपीत फोनवर ठेवा. पैसे देण्यासाठी अलीपे किंवा वीचॅट या फोनवरच्या ॲपला आपलं कार्ड आधीच जोडून घ्या.

कुठे जायचं? शीच्यांग हे प्रचंड मोठं म्याओ गाव देखणं आहे, पण पर्यटकांसाठी सजवलेलं. जवळचं शहर कायली. ग्वेईयांग–ग्वांगचौ जलदगती रेल्वेवरच्या त्सोंगच्यांग स्टेशनाजवळचं चाओशिंग हे तोंग गाव शीच्यांगहून निवांत वाटतं. तिथे पाच ढोल-मनोरे, म्हणजे ढोल ठेवायचे उंच मनोरे आहेत, लाकडाचे, खिळ्यांशिवाय खाचा जुळवून उभारलेले.

म्याओ गावाच्या वेशीवर शिंगातून तांदळाची दारू पाजतात. शिंगाला हात लावला की सगळं संपवावं लागतं, तेव्हा हात मागे बांधून फक्त ओठ टेकवा. तोंग घरातला ‘यौछा’ हा खारट चहा: पानं तेलात परतून उकळलेली, त्यात तळलेला चिकट भात आणि शेंगदाणे. खायला चॉपस्टिकची काडी एकच देतात. वाडगा रिकामा दिसला की पुन्हा भरतात. पोट भरलं असेल तर काडी वाडग्यावर आडवी ठेवा.