रशियात अडकलेले आमचे पैसे

जानेवारी २०२२ मध्ये बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या छोट्या वर्कशॉपमधून पंपाच्या कास्टिंगचा एक लॉट रशियाला गेला. पैसे डॉलरमध्ये, साठ दिवसांनी यायचे होते. २४ फेब्रुवारीला युद्ध पेटलं आणि मार्चमध्ये पाश्चात्त्य देशांच्या निर्बंधांमुळं खरेदीदाराची बँक स्विफ्टमधून, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशजाळ्यातून, बाहेर काढली. माल पोचला होता. पैसे यायला वाटच उरली नव्हती.

"अण्णा, या महिन्याचा पगार होईल न्हवं?" मच्छेहून येणाऱ्या टर्नरनं विचारलं, तेव्हा मला त्याच्याकडे बघवेना. पगार मी बायकोचे दागिने गहाण ठेवून केला. फाउंड्रीचं बिल मात्र थकलं.

बँकेत एकच उत्तर मिळायचं, थांबा. पण तेव्हा निर्यातीचे पैसे नऊ महिन्यांत आले नाहीत तर रिझर्व्ह बँकेच्या प्रणालीत बिल थकीत दिसायचं आणि पुढची निर्यात अडू शकायची. खरेदीदाराचं पत्र जोडून मी मुदतवाढ मागितली, ती मिळाली. ११ जुलैला रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक आलं: परदेशी व्यवहार रुपयांत करता येतील, त्यासाठी त्या देशाच्या बँकेनं इथल्या बँकेत विशेष व्होस्ट्रो खातं, म्हणजे आपलं रुपयांचं खातं, उघडायचं. मी त्याची प्रत काढून शाखेत घेऊन गेलो. तिथं ते कुणी वाचलेलं नव्हतं! पुढं सगळी कागदांची धावपळ. खरेदीदारानं बँक बदलली, इन्व्हॉइस रुपयांत करून घेतलं, माल लष्करी कामाचा नाही असं लिहून दिलं. शेवटी फेब्रुवारी २०२३ मध्ये रुपये जमा झाले.

या वर्षभरात निर्बंधांबद्दल माझं मत पक्कं झालं. युद्धाआधी भारताच्या तेल आयातीत रशियाचा वाटा दोन टक्क्यांहून कमी होता, २०२३ मध्ये तो एक तृतीयांशावर गेला. त्याच वर्षी मे महिन्यात, इथून शेजारी गोव्यात, रशियाचे परराष्ट्रमंत्री लावरोव्ह यांनी सांगितलं की भारतीय बँकांत रशियाचे अब्जावधी रुपये पडून आहेत. ज्याच्यावर निर्बंध होते त्याचं तेल विकलं जात होतं, आणि पगार अडला होता मच्छेच्या टर्नरचा.

तरी बहिष्कार वायाच जातो असं मी म्हणणार नाही. वर्णभेदामुळं भारतानं १९४६ मध्ये दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला. बडे देश व्यापार करत राहिले, तोवर तिथल्या सरकारला फारशी झळ बसली नाही. १९८६ मध्ये अमेरिकेनं निर्बंधांचा कायदा केला, १९९० मध्ये मंडेला सुटले. आतून लोकांचा लढाही होताच, त्याच्याशिवाय काही झालं नसतं. पण मोठी गिऱ्हाईकं पाठ फिरवतात तेव्हाच सरकारं हलतात, हे मला त्यातून दिसतं.

आता परदेशी चौकशी आली की किमतीआधी मी विचारतो, तुमची बँक कोणती, आणि निम्मे पैसे आगाऊ आल्याशिवाय माल भरत नाही.