महीनेर घोडागुली आणि उशिरा आलेली वाहवा

मंगळवार, रात्री उशिरा

संध्याकाळभर महीनेर घोडागुली ऐकत बसलो. आधी १९७७ ची पहिली रेकॉर्ड, मग १९९५ चा 'आबार बछर कुडी परे' हा संग्रह. कोलकात्याच्या या बँडवर हल्ली जो तो 'काळाच्या पुढे होते' एवढं लिहून मोकळा होतो. मला हे वाक्य फसवं वाटतं. सगळा दोष तेव्हाच्या श्रोत्यांच्या माथी मारला की गाण्याबद्दल काही बोलायलाच नको!

तेव्हाच्या बंगाली घरांत रवींद्रसंगीत, सिनेमाची गाणी, गोड गळ्याची 'आधुनिक' गीतं. त्यात ही मुलं गिटार, व्हायोलिन आणि बाउलांची, म्हणजे बंगालच्या भटक्या लोकगायकांची, ओढ घेऊन शहराबद्दल गायला लागली. बँडचा म्होरक्या गौतम चट्टोपाध्याय तर नक्षलवादी चळवळीतून, तुरुंग बघून आलेला. घोटीव चालींवर पोसलेल्या कानांना हे अर्धवट वाटलं असेल तर त्यात नवल काय? काही जागी ते कच्चं आहेच. कोरस मला मधूनच विस्कटलेला वाटतो. पहिल्या रेकॉर्डमधलं 'भेसे आशे कोलकाता' हे गाणं मात्र त्या कच्चेपणासकट आवडतं. घासूनपुसून गायलं असतं तर त्यातलं शहर निघून गेलं असतं.

१९७९ पर्यंत तीन रेकॉर्ड निघाल्या आणि पुढे लवकरच बँड विखुरला. गौतम सिनेमाकडे वळला.

खरी गंमत पुढेच आहे. सगळ्यांच्या तोंडी असलेलं 'पृथिबीटा नाकी' हे गाणं सत्तरच्या दशकातलं नाहीच. ते १९९५ च्या संग्रहातलं, ज्यात नव्या पिढीचे गायकही आले. तोवर गायक सुमन चट्टोपाध्याय यांच्या 'तोमाके चाई' या अल्बमने १९९२ मध्येच बंगाली कान वळवले होते. म्हणजे थोरवी गायची सत्तरच्या दशकातल्या बँडची आणि गुणगुणायचं नव्वदच्या दशकातलं! कौतुक करणाऱ्यांनी निदान एवढा फरक करावा. नाहीतर मूळ तीन रेकॉर्ड न ऐकताच पूजेला लागतात, आणि त्यातली कुठली जमली, कुठली फसली हे कुणी सांगतच नाही. एखाद्या बँडचा याहून मोठा अपमान मला तरी सुचत नाही. तेव्हाच्या दुर्लक्षात निदान प्रामाणिकपणा होता.

पुढे 'पृथिबीटा नाकी'ची चाल २००६ मध्ये 'गँगस्टर' सिनेमातल्या 'भीगी भीगी'तून हिंदीत पोचली. गौतम १९९९ मध्येच गेला. उशिराची वाहवा थोडीफार त्याच्या कानावर पडली असणार, हा हिंदी अवतार मात्र नाही. बरंच झालं म्हणा.