एडवर्ड कुक: १६०७ विसरा, १६१६ बघा

आडनावाचं स्पेलिंग ‘कोक’, पण उच्चार कुक. इंग्लंडच्या राजाला कायदा सुनावणारा न्यायाधीश ही त्याची (१५५२–१६३४) ख्याती. हाच माणूस १६०३ मध्ये सरकारी वकील म्हणून राजद्रोहाचा आरोप असलेल्या दर्यावर्दी वॉल्टर रॅलेला भर कोर्टात मुद्दाम अरे-तुरे करत होता, हे मात्र विसरलं जातं.

ख्यातीचं मूळ १६०७च्या प्रसंगात, आणि त्या भांडणाचं मूळ मनाई हुकमांत. समजा, गावात चर्चला द्यायच्या धान्याच्या दशांशाऐवजी (दहाव्या हिश्शाऐवजी) ठरलेली रोख रक्कम द्यायची वहिवाट आहे. पाद्री तरीही धर्मन्यायालयात दशांशाचा दावा लावतो. शेतकरी वेस्टमिन्स्टरला, राजाच्या न्यायालयात, जाऊन मनाई हुकूम मागतो आणि म्हणतो, वहिवाट आहे की नाही ते ज्यूरी ठरवेल. हुकूम निघाला की दावा जागच्या जागी थांबतो. हुकूम मोडला तर अवमान. वहिवाट सिद्ध झाली नाही, तर दुसरा हुकूम काढून दावा परत धर्मन्यायालयात. (आपल्या घटनेच्या कलम ३२ आणि २२६ मधलं प्रतिषेधाचं रिट याच कुळातलं.) १६०६ मध्ये कॉमन प्लीज या वेस्टमिन्स्टरच्या न्यायालयाचा मुख्य न्यायाधीश झालेल्या कुकने असे हुकूम सढळ हाताने दिले आणि चर्चचा प्रमुख धर्मगुरू आर्चबिशप बँक्रॉफ्टने राजाकडे तक्रार नेली.

राजा पहिला जेम्स म्हणाला, बुद्धी मलाही आहे, मग निवाडा मी का करू नये? कुक म्हणाला, कायद्याला दीर्घ अभ्यासाने घडलेली बुद्धी लागते. पण हे सांगतो कोण? स्वतः कुक, आणि तेही त्याने लिहिलेल्या खटल्यांच्या अहवालांच्या १६५६ला, मरणोत्तर छापलेल्या भागात. त्याच वादाबद्दलचं एक समकालीन पत्र सांगतं, की राजाने मूठ उगारली आणि कुक चारी हातापायांवर पालथा पडला.

म्हणून मला १६१६ची गोष्ट जास्त भरवशाची वाटते. एका बिशपला राजाने दिलेल्या जादा वतनाचा खटला चालू होता. राजाचा सरकारी वकील फ्रान्सिस बेकनने कळवलं, राजाशी बोलल्याशिवाय सुनावणी करू नका. बाराही न्यायाधीशांनी सह्या करून नकार दिला. जूनमध्ये राजाने त्यांना बोलावलं. बाराही जणांनी गुडघे टेकून माफी मागितली. पुढे कधी थांबा म्हटलं तर थांबाल का? अकरा जण हो म्हणाले. कुक म्हणाला, तशी वेळ आली की न्यायाधीशाला शोभेल ते करीन. ही नोंद प्रिव्ही कौन्सिलच्या, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळाच्या, दप्तरातली आहे, त्याच्या स्वतःच्या वहीतली नव्हे.

त्याला बाजूला बसवून स्वतःचेच अहवाल तपासायला लावलं. अकरा भाग चाळून त्याने पाच किरकोळ चुका काढून दिल्या. नोव्हेंबरमध्ये नोकरी गेली.