स्वान लेकच्या टाइट्स, आणि हे काम नक्की कोणाचं

मी लंडनमधे एका बॅले कंपनीच्या वॉर्डरोबमधे, म्हणजे वेशभूषेच्या विभागात, कपडे रंगवते. नाव सांगत नाही, नोकरी करायचीये अजून. इचलकरंजीत टेक्स्टाईल केमिस्ट्रीचा डिप्लोमा केला, तिथल्याच एका प्रोसेस हाऊसमधे कलर मास्टरच्या हाताखाली लॅब डिप, म्हणजे शेडचे छोटे नमुने, काढले, मग लग्न करून इकडे आले आणि नाटक-ऑपेराचे कपडे रंगवता रंगवता बॅलेत शिरले. नातेवाइकांना वाटतं मी रोज झगमगाटात असते, प्रत्यक्षात तळघर, स्टीलची भांडी, रबरी हातमोजे आणि सायट्रिक ऍसिड.

आता आधी थोडं टाइट्सबद्दल, नाहीतर पुढचं कळायचं नाही. बॅलेतल्या मुलींच्या त्या फिकट गुलाबी टाइट्स आणि गुलाबी सॅटिनचे पॉइंट शूज, म्हणजे अंगठ्याच्या टोकावर उभं राहायचे बूट, सगळ्यांनी फोटोत बघितलेत. ते गुलाबी काही देवाने ठरवलेलं नाही. गोऱ्या पायाशी मिळतंजुळतं असावं, म्हणजे कमरेपासून अंगठ्यापर्यंत पाय एकच सलग रेघ दिसावा, एवढाच हिशेब. त्या रेघेला हे लोक लाइन म्हणतात आणि तिच्यासाठी जीव टाकतात. मग काळ्या मुलीने तेच गुलाबी घातलं तर काय होतं? वरचं अंग एका रंगाचं, कमरेखाली दुसऱ्याच कोणाचे तरी पाय लावलेत असं दिसतं. लाइन गेलीच की! पण वर्षानुवर्षं उत्तर एकच, रांग एकसारखी दिसली पाहिजे.

त्या दिवशी दुपारी दोनला स्वान लेक या हंसांच्या बॅलेची ड्रेस रिहर्सल होती. कोरमधे, म्हणजे मागच्या हंसांच्या रांगेत, एक मुलगी नवीन होती, आईवडील घानाचे, ती इथेच वाढलेली. आदल्या संध्याकाळी डायरेक्टरने होकार दिला होता की ती तिच्या रंगाच्या टाइट्स आणि शूज घालू शकते. होकार दिला आणि ते घरी गेले. रंगवायचं कोणी, कधी, कशाने, याबद्दल मेलमधे काही नव्हतं, बहुतेक सगळ्यांनी धरून चाललं होतं की ती स्वतःच करेल.

कारण तोपर्यंत ती स्वतःच करत होती ना. सकाळी पिशवी घेऊन खाली आली, पिशवीत फाउंडेशनच्या बाटल्या, मेकअपचे स्पंज, कॅलामाइन लोशन. याला इथे पॅनकेकिंग म्हणतात. गुलाबी शूजवर स्पंजने फाउंडेशन थापायचं, सॅटिनची चमक मारायला कॅलामाइन, वाळवायचं, परत थापायचं. एका जोडीला तासभर सहज जातो आणि जोडी टिकते किती, तर मुख्य डान्सर एका शोमधे एक जोडी संपवते, कोरवाल्यांची जरा जास्त चालते एवढंच. शाळेत असल्यापासून ही मुलगी घरच्या बाथरूममधे बसून रात्री हे करतेय, स्वतःच्या पैशाने, आणि बाकीच्या मुली त्या वेळी झोपलेल्या असतात. हे ऐकल्यावर मला राग आला, पण मी कामाच्या वेळी रागवत नाही, पाणी तापत ठेवलं.

तिला स्टुलावर बसवलं आणि जुन्या शेड कार्डातले तुकडे पायाला लावून बघायला लागले. प्रोसेस हाऊसमधे मास्टर सॅम्पल एकदा पार्टीने दिलं की ते बदलत नाही. इथे मास्टर सॅम्पल जिवंत! गुडघा गडद, मांडी फिकी, नडगी तिसरीच, आणि जिने चढून आली की सगळंच लालसर. मग मॅच कशाशी करायचं? मी दंड धरला, कारण अरबेस्कमधे पाय मागे उचलला की प्रेक्षकाला पाय आणि हात एकदम दिसतात. दुसरी गंमत म्हणजे टाइट्स भांड्यात जी शेड दाखवतात ती पायावर चढल्यावर ताणून फिकी होते. म्हणून मी तुकडे भरतकामाच्या रिंगमधे ताणून बघते, ही माझी स्वतःची अक्कल, कुठल्या पुस्तकातली नाही.

नायलॉनला ऍसिड डाय, सावकाश तापवायचं, फार उकळलं तर लायक्रा मरतं. ब्राऊन हा रंग दिसायला साधा, काढायला महाकिचकट, कारण तीन रंग एकाच वेगाने चढत नाहीत, माझ्याकडच्या सेटमधला लाल आधी धावतो आणि निळा मागून रमतगमत येतो, मधेच काढलं तर वीट होते. बरं टाइट्स झाल्या तरी शूजच्या रिबिनी पॉलिएस्टरच्या, त्यांना हा रंग चढतच नाही. आणि टुटूच्या, म्हणजे त्या जाळीच्या फुललेल्या झग्याच्या, खांद्याचे पट्टे ज्या नेटचे असतात तो आमच्या स्टोअरमधला स्किन कलरचा अख्खा बॉक्स एकाच स्किनचा, गोऱ्या.

शूज बुडवता येत नाहीत हेही सांगते. पुढचा कडक भाग कापड आणि कागदाचे थर खळीसारख्या पेस्टने चिकटवून, भट्टीत वाळवून बनतो, ओला झाला की मऊ पडला, मग त्यावर उभं कोण राहणार. फ्रीड ऑफ लंडन ही शूज बनवणारी कंपनी 1929 पासून इथे आहे, आणि त्यांनी ब्रॉन्झ आणि ब्राऊन पॉइंट शूज काढले 2018 ला, तेही बॅले ब्लॅक नावाच्या छोट्या कंपनीबरोबर मिळून. अमेरिकेत गेनर मिंडनने त्याआधी वर्षभर काढले होते. बाकी जगाच्या कातडीला दोन शेड, तरी नव्हत्या त्यापेक्षा लाख बरं. आमच्या मुलीला ब्राऊन थोडे लाल जात होते, म्हणून त्यांच्यावर हलका फाउंडेशनचा हात. या वेळी तो ड्रेसरने, म्हणजे डान्सरना कपडे चढवणाऱ्या बाईने, दिला, मुलगी वर क्लासला गेली.

रंग चढेपर्यंत आमची वॉर्डरोब हेड शेजारी येऊन बसली. म्हातारी अनेक कंपन्या फिरलेली. ती म्हणाली यात नवीन काही नाही, न्यूयॉर्कमधे आर्थर मिचेलने 1969 ला डान्स थिएटर ऑफ हार्लेम काढलं, आणि सत्तरच्या दशकातच तिथे प्रत्येकीच्या टाइट्स आणि शूज तिच्या रंगाचे करायला लागले. म्हणजे रेसिपी पन्नास वर्षं जुनी आहे, आपणच वही उघडली नाही. जॅनेट कॉलिन्स या काळ्या डान्सरला तर बॅले रूस या कंपनीने चेहरा पांढरा रंगवशील तर घेतो सांगितलं, तिने नाही म्हणलं आणि पुढे 1951 ला मेट्रोपॉलिटन ऑपेरात मुख्य डान्सर झाली. रेवन विल्किन्सन, तीही काळी, 1955 ला बॅले रूसमधे शिरली ती पांढरा मेकअप थापून, आणि अमेरिकेच्या दक्षिणेत टूरवर गेल्यावर कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वंशवाद्यांच्या टोळीचे लोक तिला शोधत आले. हे जुनं म्हणून सोडून द्यावं तर 2020 ला बर्लिनच्या श्टाट्सबॅले या कंपनीतली काळी डान्सर क्लोए लोपेस गोमेस जाहीरपणे म्हणाली की तिला स्वान लेकसाठी पांढरं व्हायला सांगितलं.

आपण मराठी माणसांनी यावर फार नाकं मुरडू नयेत बरं का. शाळेच्या गॅदरिंगला मेकअपवाला दादा रांगेतल्या सगळ्या पोरांना एकाच डबीतला गुलाबी पॅनकेक थापायचा, तोंड गुलाबी आणि मान आपली आपली, आणि आया म्हणायच्या काय गोड दिसतंय.

लंचमधे लाइटवाल्याच्या मागे लागून दुसऱ्या अंकाचा लाइट पाच मिनिटं मागून घेतला. तळघरातल्या ट्यूबखाली शेड तंतोतंत होती. स्टेजवर तळ्याकाठचं चांदणं, म्हणजे निळा एलईडी, आणि त्यात दंड एक रंगाचा, पाय शेवाळलेला! कापडवाल्यांना हे माहीत असतं, दुकानात मॅच झालेलं ब्लाऊजपीस बाहेर उन्हात आणलं की वेगळंच निघतं. मी तयार ब्राऊन वापरला होता, तो सोडला आणि पिवळा, लाल, निळा वेगळे घेऊन परत बांधला, आणि या वेळी तुकडे घेऊन दर थोड्या वेळाने तळघर ते स्टेज पळत राहिले, गुडघे अजून दुखतायत. पडदा उघडायच्या जरा आधी टाइट्स हेअर ड्रायरने वाळवून तिच्या हातात दिल्या.

मी मागच्या खुर्च्यांत उभी होते. पुढे बॅले मास्टर, म्हणजे तालीम घेणारे, जे सकाळीच मला म्हणाले होते की रांगेत भोक दिसेल. चोवीस हंस आले. आता या चोवीसात एक जपानी, दोन स्पॅनिश, एक ब्राझीलची, उंच्या वेगळ्या, माना वेगळ्या, एकसारखं त्यात काय होतं ते त्यांनाच माहीत. तिने पाय मागे उचलला आणि दंडापासून अंगठ्यापर्यंत खरोखर एक रेघ गेली, माझ्या पोटातली काळजी उतरली. भोक मला तरी दिसलं नाही. मास्टर माइकवर ओरडले, पण दुसऱ्याच मुलीवर, तिचा हात उशिरा येत होता.

नंतर ती खाली आली. मला वाटलं मिठी वगैरे मारेल, तिने विचारलं या धुणार कोण. बरोबरच होतं! गुलाबी टाइट्सबरोबर एकाच मशीनमधे टाकल्या तर पुढच्या शोला सगळे हंस चहात बुडवलेले. मग वेगळी जाळीची पिशवी, थंड पाणी, लाँड्रीवाल्याला लेखी सूचना, तिच्या नावाची रेसिपी ग्रॅममधे वहीत, आणि शूज आले की थेट ड्रेसरकडे. यात कुठेही तिने काही करायचं नव्हतं. डायरेक्टरच्या होकारापेक्षा मला हा कागद मोठा वाटतो. 2015 ला मिस्टी कोपलंड अमेरिकन बॅले थिएटरची पहिली काळी प्रिन्सिपल, म्हणजे मुख्य डान्सर, झाली तेव्हा आमच्याकडेही केक कापला होता म्हणे, केकनंतर स्टोअरमधला बॉक्स तोच होता.

भांडण झालं ते हिशेबावरून. अकाउंट्सवाल्याचं म्हणणं, हा खर्च एक्स्ट्रामधे टाका, आणि पुढच्या वर्षी एक्स्ट्रा कमी होणार आहे. मी म्हणलं गुलाबी टाइट्स कुठल्या रकान्यात आहेत? टाइट्समधे. मग याही टाइट्सच आहेत. वॉर्डरोब हेड माझ्या बाजूने बसली म्हणून निभावलं, एकटीचं ऐकलं असतं की नाही शंका आहे.

त्यानंतर रांगच लागली. जपानी मुलगी म्हणाली गुलाबी माझ्यावरही मेलेलं दिसतं, कधी विचारलं नाही कोणी. एका क्यूबन मुलाला खांद्याचे पट्टे हवे होते. अकाउंट्सवाल्याचा मेल आला की ब्राऊन आणि पिवळा डाय इतका का संपतोय, स्पष्टीकरण द्या. मी लिहिलं, टाइट्स, आणि खाली प्रत्येक शेडचे ग्रॅम.