तुम्ही विचारलंत म्हणून: इंग्लंडमध्ये चेंडू सोडायचा कसा?

भारताचा इंग्लंड दौरा जवळ आला की हा प्रश्न हमखास येतो. घरच्या खेळपट्टीवर धावांच्या राशी घालणारे आपले फलंदाज तिथे जाऊन स्लिपमध्ये झेल का देतात? माझं उत्तर दर वेळी एकच असतं. सोडायच्या चेंडूला ते बॅट लावतात. पण तिथे चेंडू सोडणं, म्हणजे न खेळता मागे जाऊ देणं, अवघड का आहे, हे नीट सांगायला हवं.

सुरुवात चेंडूपासून करू. इंग्लंडमध्ये ड्यूक्स वापरतात. त्याच्या शिवणीच्या सहाही ओळी हातानं घातलेल्या असतात, म्हणून शिवण बराच वेळ उठून राहते. ऑस्ट्रेलियातल्या कूकाबुराची शिवण वीसेक षटकांत दबते. आपला एसजीही हातानंच शिवतात, पण आपली मैदानं कोरडी, खरखरीत. लकाकी लवकर उडते. तिकडचं मैदान हिरवंगार आणि मऊ. त्यामुळे विजारीवर घासून घासून एक बाजू चकचकीत ठेवता येते. शिवण किंचित तिरकी धरून असा चेंडू टाकला की तो हवेत वळतो, आणि चांगल्या गोलंदाजाच्या हातून सुटला तर फार उशिरा वळतो. फलंदाजाचा पाय तोवर पडलेला असतो.

दमट, ढगाळ हवेत चेंडू जास्त फिरतो असं आपण सगळेच म्हणतो. दमट हवा खरं तर कोरड्या हवेपेक्षा किंचित हलकी असते, आणि प्रयोगांतूनही हे कारण ठामपणे सिद्ध झालेलं नाही. म्हणून फलंदाजानं आकाशाकडे बघण्यापेक्षा गोलंदाजाच्या मनगटाकडे बघावं. अर्थात शिवण डुगडुगत ठेवून टाकलेल्या चेंडूपुढे तेही कामाला येत नाही, कारण टप्पा पडल्यावर तो कुठे जाणार हे खुद्द गोलंदाजालाही ठाऊक नसतं. त्यावर उपाय एकच: चेंडू डोळ्यांखाली येऊ द्यायचा आणि हात सैल ठेवून खेळायचा. मग कड लागली तरी तो स्लिपच्या अलीकडे पडण्याची शक्यता वाढते.

आता सोडण्याबद्दल. आधी आपला ऑफस्टंप, म्हणजे बॅटच्या बाजूची बाहेरची यष्टी, कुठे आहे हे डोळे मिटूनही कळलं पाहिजे. मधल्या यष्टीचा गार्ड घ्या, म्हणजे बॅट तिच्या समोर टेकून उभे राहा. गोलंदाजाच्या हातून चेंडू सुटण्याआधी मागचा पाय थोडा मागे आणि आत सरकवला की डोकं ऑफस्टंपवर येतं. डोळ्यांच्या रेषेबाहेरचा तो सोडायचा, आतला तो खेळायचा. पर्थसारख्या उसळत्या खेळपट्टीवर टप्पा बघून चेंडू सोडता येतो, कारण गुड लेंथचा, म्हणजे पुढे जाऊ की मागे अशा पेचात टाकणाऱ्या टप्प्याचा, चेंडूही यष्ट्यांवरून जातो. इंग्लंडमध्ये उसळी कमी, तिथे तोच चेंडू यष्ट्या उडवतो. म्हणून टप्प्यापेक्षा रेषेवर विसंबायचं. आणि सोडताना हात आत, अंगाजवळ घ्यायचे. सर्वाधिक घात होतो तो अर्धवट सोडण्यात: पाय पुढे गेलेला, हात जाऊ की नको अशा अवस्थेत, बॅट चेंडूच्या वाटेत लटकलेली.

हे सगळं एका डावात बघायचं असेल तर हेडिंग्लेची २००२ची कसोटी बघा. ढगाळ हवेत गांगुलीनं नाणेफेक जिंकून फलंदाजी घेतली. १५ धावांवर सेहवाग बाद झाला. मग बीडमध्ये जन्मलेले संजय बांगर आणि राहुल द्रविड यांनी १७० धावांची भागी केली. बांगर यांच्या ६८ धावांना २३६ चेंडू लागले. द्रविड १४८, सचिन १९३, गांगुली १२८; डाव ८ बाद ६२८ वर घोषित झाला आणि भारत एक डाव ४६ धावांनी जिंकला. लोकांना तीन शतकं आठवतात. मला ते २३६ चेंडू त्या शतकांच्या तोडीचे वाटतात, कारण चेंडू जुना होईपर्यंतचा सगळा काळ त्यांनी खाऊन टाकला.

कोहलीचं उदाहरण वेगळ्या कारणासाठी. २०१४च्या दौऱ्यात दहा डावांत १३४ धावा, चारदा इंग्लंडचा वेगवान गोलंदाज जेम्स अँडरसनचा बळी. २०१८मध्ये ५९३ धावा, आणि अँडरसनला त्याची विकेट एकदाही नाही. फरक काय? कोहली क्रीजच्या, म्हणजे फलंदाजाच्या रेषेच्या, बाहेर उभा राहू लागला, म्हणजे चेंडूला वळायला अंतर कमी मिळतं. याची किंमतही असते: विचार करायला वेळ कमी मिळतो. नशीबही लागतंच. एजबॅस्टनच्या १४९ धावांच्या डावात २१ वर आणि ५१ वर त्याचे झेल सुटले होते.

माझी खरी तक्रार तयारीबद्दल आहे. पूर्वी दौऱ्यावर काउंटी संघांशी, म्हणजे तिथल्या प्रांतिक संघांशी, तीन-तीन दिवसांचे सामने भरपूर असत. हात सवयीचा व्हायला तेवढा वेळ लागतोच. २०१८मध्ये एसेक्सविरुद्धचा चार दिवसांचा एकमेव सराव सामनाही तीन दिवसांवर आणला गेला. २०२५मध्ये के. एल. राहुल आधी भारत ‘अ’ संघाकडून नॉर्दम्प्टनला खेळला, शतक केलं, आणि मालिकेतही त्याचा पाय नीट पडत होता. नेटमध्ये, म्हणजे सरावाच्या जाळीत, हे होत नाही. नेटमध्ये बाद झालं तरी पुढचा चेंडू मिळतो, त्यामुळे सोडायची सवय लागत नाही. मुंबईच्या फलंदाजांना एके काळी ही सवय घरीच लागे. १९४८ पासूनच्या कांगा लीगमध्ये भर पावसात, ओल्या खेळपट्टीवर टिकायचं म्हणजे उशिरा खेळण्यावाचून गत्यंतर नसे.

लॉर्ड्सवर आणखी एक पेच असतो. मैदान एका बाजूनं दुसऱ्या बाजूकडे सुमारे अडीच मीटर उतरतं. पॅव्हिलियनच्या टोकाकडून टाकलेला चेंडू उजव्या फलंदाजाच्या आत येतो, समोरच्या नर्सरीच्या टोकाकडून टाकलेला बाहेर जातो. म्हणजे एका टोकाला सोडायचा तोच चेंडू दुसऱ्या टोकाला यष्ट्यांवर येतो. दर षटकाला मनातला ऑफस्टंप हलवावा लागतो. दिलीप वेंगसरकरांनी तिथे १९७९, १९८२ आणि १९८६ अशा तीन सलग दौऱ्यांत शतकं केली.